मध्यबिंदूचा भ्रम : हवाई मार्ग का सुरू होतात आणि का तुटतात?

१/ नकाशावर नागपूर ते चेन्नई सरळ रेषा ओढली, तर ती जवळजवळ चंद्रपूर शहरावरूनच जाते. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला विमानाने परदेशी जायचे, तर आधी रस्त्याने वा रेल्वेने नागपूर गाठावे लागते. सिरोंच्याहून तर हैदराबादच जवळ. मार्ग डोक्यावरून जातो, पण खाली उतरत नाही. असे का, याचे उत्तर नागपूरच्याच इतिहासात सापडते. थ्रेड.

२/ ३० जानेवारी १९४९. रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई व विमाने रातोरात परतीच्या वाटेला लागत.

३/ आरंभ सुरळीत नव्हता. रात्रीच्या उड्डाणांसाठी पुरेशा सोयी नाहीत, म्हणून जे. आर. डी. टाटा यांनी या योजनेला विरोध केला होता. काही महिन्यांतच सेवा खंडित झाली आणि त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या हाती पुन्हा सुरू झाली. १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे गेली.

४/ नागपूरच का? हिशेब सोपा आहे. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची, तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक ठाणे घेतले, तर चारच पुरतात. त्या काळच्या डाकोटा विमानाला दिल्ली-मद्रास हे सुमारे १,७५० किलोमीटरचे अंतर कापण्यास सहा तास लागत. विमाने थोडी, टपाल बेताचे. अशा वेळी मध्यबिंदूला मोल होते.

५/ १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जेट आले. तेच अंतर दोन-अडीच तासांवर आले. प्रवासीही वाढले, प्रत्येक दोन शहरांमध्ये स्वतंत्र विमान भरू लागले. १९७०च्या दशकात नागपूरची ती मध्यरात्र संपली. नागपूर जागचे तसूभरही हलले नव्हते. बदलले होते विमान आणि प्रवाशांची संख्या.

६/ जगाचा इतिहास याहून वेगळा नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. पुढे विमानांचा पल्ला वाढला आणि हे थांबे गळाले. आज नागपूरचे जुने काम दोहा आणि दुबई करतात : चहूकडून विमाने येतात, प्रवासी बदलतात, विमाने पांगतात.

७/ दुसरे कारण राजकारण. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद होते. युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. वळसा म्हणजे जास्त इंधन, कमी माल, जास्त कर्मचारी-तास. आशियाला जवळचे शहर म्हणून हेलसिंकीवर फिनएअरने आपला व्यवसाय उभारला होता. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद होताच ते 'जवळ' दूर झाले.

८/ आता जमिनीवर या. बल्लारशाह-काझीपेट दुवा पूर्ण झाल्यावर १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस पेशावर ते मंगळूर धावू लागली. थोड्याच काळात तिचा पल्ला घटून ती दिल्ली-मद्रास झाली. गाडीची टोके बदलली, पण बल्लारशाहचे महत्त्व टिकले. कारण तेथे रूळ होते, परिसरात कोळसा होता, पुढे कागद कारखाना आला. मार्गाला रोज देण्यासारखे काही त्या भूमीजवळ होते.

९/ म्हणून चंद्रपूरच्या विमानतळाची चर्चा करताना 'आपण देशाच्या मध्यभागी आहोत' हा युक्तिवाद पुरेसा नाही. मोरव्याची धावपट्टी आहेच. राजुरा तालुक्यातील मूर्ती येथील प्रस्तावासमोर वनजमिनीचा आणि वाघांच्या वावराचा प्रश्न आहे. विमानतळ झाला, तरी खरा प्रश्न पुढेच उभा राहील : वर्षभर रोज विमानात कोण बसणार?

१०/ 'उडान' योजनेचा धडा ताजा आहे. मार्गाला अनुदान तीन वर्षे मिळते. अनेक मार्ग तेवढेही टिकले नाहीत. अनुदान मार्ग सुरू करू शकते, टिकवण्यासाठी प्रवासी लागतात. केवळ फीत कापण्यासाठी जंगल तोडले, तर मार्ग जाईल आणि जंगलही परत येणार नाही.

११/ याचा अर्थ या जिल्ह्यांनी आकाशाकडे पाहू नये, असा नाही. क्रम मात्र योग्य हवा. वडसा-गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आधी धावता झाला पाहिजे. नागपूर व हैदराबादपर्यंतचा प्रवास बारमाही आणि भरवशाचा झाला पाहिजे. परदेशी शिकायला निघालेल्या गडचिरोलीच्या मुलीचा सर्वांत अनिश्चित टप्पा दोह्याच्या पुढचा नसतो. तो विमानतळ गाठण्यापूर्वीचा असतो.

१२/ नागपूरला मध्यबिंदू असण्याचे भाग्य सुमारे दोन तपे लाभले आणि मग विमाने वरून निघून गेली. चंद्रपूर-गडचिरोलीने काही मागायचे असेल, तर ते नागपूरचा हा अनुभव समोर ठेवून मागावे.