काजळीचा हिशेब कोणी द्यायचा?

मालाने भरलेल्या ट्रकमागून निघणारा काळा धूर भारतीय माणसाच्या इतका अंगवळणी पडला आहे की, नव्या ट्रकमधून असा धूर निघताच कामा नये अशी कायद्याची अपेक्षा आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. वस्तुस्थिती मात्र तशीच आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना देशभर ‘भारत स्टेज सहा’ ही मानके लागू झाली. चौथ्या पायरीवरून पाचवी वगळून थेट सहावी गाठण्याचा हा निर्णय २०१६ मध्ये घेतला गेला होता. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणले आणि वाहन बनविणाऱ्यांनी बहुतेक नव्या डिझेल ट्रकांत काजळी अडविणारी गाळणी बसविली. गॅरेजमध्ये तिलाच ‘डीपीएफ’ म्हणतात. ही गाळणी शाबूत असेल तर धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात पांढरा रुमाल फिरविला तरी तो जवळजवळ स्वच्छ निघावयास हवा. तेथे काजळीचा जाड थर आढळला, तर गाळणी आतून फुटली आहे किंवा कोणी ती काढून टाकली आहे, असा संशय घेण्यास भरपूर जागा असते.

अशी काळी नळी नव्या ट्रकला असावी, ही गोष्ट केवळ एका यंत्रभागाच्या बिघाडाची नाही. कायद्याने गाळणी विकत घ्यावयास लावली. परंतु ती सांभाळण्याचा भार कोणी आणि कसा उचलावा, याचा विचार अर्धवट सोडला. सगळा घोटाळा तेथे आहे.

गाळणीचे कार्य समजून घेतल्याशिवाय हा घोटाळा ध्यानात यावयाचा नाही. आतून ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. चिनीमातीच्या जातीच्या कठीण पदार्थाच्या असंख्य बारीक नळ्या तिच्यात असतात आणि त्यांची तोंडे आळीपाळीने बंद केलेली असतात. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळीचे शंभरांतले पंचाण्णवहून अधिक कण आत अडकतात. अडकलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते. धुराचे तापमान २५० ते ४०० अंश सेल्सियसपर्यंत राहिले, तर रासायनिक क्रियेने ती हळूहळू आपोआप जळते. तेवढे तापमान नसेल तर यंत्रणा जादा डिझेल खर्चून ते ५५० ते ६०० अंशांवर नेते. तेही साधले नाही तर चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा लागतो. मग गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, बराच वेळ केवळ काजळी जाळण्यात घालवावा लागतो. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. शिवाय इंजिनाच्या तेलातून येणारी राख कधीच जळत नाही. ती साचत जाते आणि ठराविक काळाने गाळणी उतरवून साफ करावी लागते.

यावरून एक गोष्ट उघड होते. ही यंत्रणा धावत्या गाडीसाठी योग्य आहे. खोळंबलेल्या गाडीसाठी ती त्रासाची आहे. बोरघाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या नळीत हवी ती उष्णता आपसूक निर्माण होते. न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर रांगेत इंजिन चालू ठेवून रेंगाळणाऱ्या किंवा शहराच्या गर्दीत चार-चार किलोमीटरांच्या खेपा करणाऱ्या ट्रकच्या नळीत ती होत नाही. इंधन फवारणारे इंजेक्टर झिजले असतील, टर्बोचार्जरमधून तेल गळत असेल किंवा स्वस्त म्हणून भलतेच इंजिन तेल ओतले असेल, तर गाळणी आणखी लवकर तुंबते. मूळ दोष तसाच ठेवून नुसती गाळणी साफ करणे म्हणजे गळके छप्पर न शाकारता जमीन पुसत बसण्यासारखे आहे.

आता या व्यवहाराचा जमाखर्च मांडून पाहावा. गाळणीची किंमत, ती साफ करण्याचा खर्च, जादा जळणारे डिझेल आणि बुडालेली खेप हे सारे ट्रकमालकाच्या खर्ची पडते. जमेची बाजू मात्र त्याच्या वहीत कोठेच दिसत नाही. ती रस्त्याकडेच्या फेरीवाल्याच्या, चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या आणि महामार्गालगतच्या शाळेतील मुलांच्या फुप्फुसांत जमा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवामध्ये कर्करोग निर्माण करणारा घटक म्हणून पहिल्या गटात घातले. तेव्हा हा लाभ काल्पनिक नव्हे. परंतु ज्याने खर्च करावयाचा त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ आहे त्याला खर्च नाही, अशी येथे विभागणी झाली आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचेच उदाहरण घेऊन दाखविले होते की, अशा ठिकाणी बाजार आपल्या हिशेबाने चालला तर समाजाचे नुकसान कोणाच्याच खात्यावर पडत नाही. ट्रकची काजळी ही त्याच धड्याची पुढची ओळ आहे.

अशा स्थितीत गाळणीचा आतला ठोकळा फोडून काढावयाचा आणि इंजिनाच्या संगणकाला ती जागेवर असल्याचे भासवावयाचे, हा मोह बळावतो. तो केवळ दारिद्र्याचा किंवा अज्ञानाचा परिणाम आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या संपन्न देशातही आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील प्रदूषण नियंत्रणाची साधने निकामी करण्यात आली होती. गाळणी काढल्यावर गाडीचे ‘ॲव्हरेज’ सुधारते, असे समर्थन केले जाते. तुंबलेल्या गाळणीच्या तुलनेत ते काहीसे खरेही असेल. परंतु ही बचत म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटून आपले घर स्वच्छ ठेवण्याचा प्रकार होय.

मग पीयूसी तपासणीत ही चोरी पकडली का जात नाही? कारण डिझेल वाहनांच्या या तपासणीत धुरातून प्रकाश किती अडतो, एवढेच मोजले जाते. डोळ्यांना दिसणारा दाट धूर ओळखण्यासाठी ही पद्धत ठीक होती. आधुनिक इंजिनाच्या काजळीतील बहुसंख्य कण एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असतात. प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला ते धड दिसत नाहीत. म्हणून गाळणी नसलेली गाडीही उजळ माथ्याने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाच्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली खरी. पण ज्या गुन्ह्याचा पुरावाच तपासणीत उमटत नाही, त्याचा दंड कितीही वाढविला तरी त्याचा धाक बसत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, रस्त्यावर अजून धावणाऱ्या जुन्या ट्रकांना गाळणीच नाही. मग कर्ज काढून नवी गाडी घेणाऱ्याच्याच मागे का लागावे? या आक्षेपात तथ्य आहे. हप्ते फेडण्याच्या विवंचनेत असलेल्या एक-दोन गाड्यांच्या मालकाला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. परंतु जुन्या गाड्या आज ना उद्या रस्त्यावरून जाणारच आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या गाड्याही तशाच धूर ओकू लागल्या, तर शुद्ध इंधनासाठी आणि नव्या इंजिनांसाठी देशाने केलेला सारा खर्च पाण्यात जाईल.

तेव्हा उपाय दोन्ही अंगांनी करावे लागतील. तपासणीत कणांची प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली पाहिजे. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून डिझेल वाहनांच्या नियमित तपासणीत ती सुरू केली आहे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून ही मोजणी थोड्या वेळात उरकते. तेव्हा ती आपल्याला अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. त्याचबरोबर ट्रक टर्मिनलांच्या ठिकाणी वाजवी दरात गाळणी साफ करून मिळण्याची सोय हवी आणि इशाऱ्याच्या दिव्याचा अर्थ चालकाला त्याच्या भाषेत समजावून देण्याची जबाबदारी गाडी विकणाऱ्यावर हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोळंब्याची किंमत खोळंबा करणाऱ्याने दिली पाहिजे. ट्रक तासन्‌तास दाराशी उभा ठेवणाऱ्या बंदराला, गोदामाला किंवा कारखान्याला त्याबद्दल एक छदामही मोजावा लागत नाही, तोवर रांगा घटणार नाहीत आणि गाळण्या तुंबतच राहतील.

मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ मध्येच झाला होता. म्हणजे धूर हा सार्वजनिक अपराध आहे, हे तत्त्व आपल्याकडे शतकाहून जुने आहे. उणीव आहे ती काजळीचा खर्च मालाच्या भाड्यात उघडपणे धरण्याची. भाडे ठरविताना हा खर्च जमेस धरला, तर बाजारातील प्रत्येक वस्तू काही पैशांनी महाग होईल, हे खरे. पण आज तोच खर्च दवाखान्याच्या बिलातून आणि बुडालेल्या रोजातून वसूल होतो आहे, आणि तोही ज्यांचा त्या मालाशी काही संबंध नाही अशांकडून.