वाघाचे वजन कशावर ठरते?

मुलांनो, सर्वांत मोठा वाघ कुठला असे विचारले, की 'सैबेरियाचा' हे उत्तर ठरलेले! त्यामागे एक नियमही सांगतात. थंड मुलखातले प्राणी उष्ण मुलखातल्या आपल्या भाऊबंदांपेक्षा आकाराने मोठे असतात, कारण मोठ्या देहातली ऊब लवकर निघून जात नाही, असे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी १८४७ साली मांडले.

पण रानातल्या वाघांना बेशुद्ध करून वजन केले, तेव्हा निराळेच दिसले. रशियाच्या अतिपूर्व भागातले नर अलीकडच्या मोजणीत सरासरी १७६ किलो भरले. नेपाळच्या चितवनात उन्हाळा कडक. तिथले नर मात्र सरासरी २३५ किलो!

चितवनची नारायणी नदी पुढे गंगेला मिळते. गंगेच्या मुखाशी सुंदरबन आहे. तिथला वाघ चितवनच्याच जातीचा. चितवनची वाघीण सुमारे १४० किलोची असते. सुंदरबनातल्या तीन वाघिणींचे सरासरी वजन मात्र सुमारे ७७ किलो भरले, असा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जवळजवळ निम्मे! हवा दोन्हीकडे उष्णच. मग फरक कशाचा?

अभ्यासक शिकारीकडे बोट दाखवतात. चितवनात सांबर, गवा असे दांडगे प्राणी आहेत. सुंदरबनात पूर्वी रानम्हशी आणि बारशिंगे होते. गेल्या दीडशे वर्षांत ते तिथून संपले. वाघाच्या वाट्याला उरले ते मुख्यतः चितळ आणि रानडुक्कर. लहान शिकारीवर मोठा देह पोसणे अवघड. शिवाय चिखल, भरतीचे पाणी आणि खारफुटीची मुळे यांतून वाट काढताना हलके अंग सोयीचेच पडत असावे.

म्हणून या वाघाला कोणी कमी लेखू नये. मध काढायला, मासे-खेकडे धरायला गेलेली गरीब कष्टकरी माणसे तिथे वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यांच्या घरच्यांना तो लहान वाटत नाही.

आता तिथे चितळाचीही चोरटी शिकार होते. मारलेल्या प्रत्येक चितळामागे वाघाच्या तोंडचा घास जातो. 'वाघ वाचवा' म्हणताना आधी चितळाचा जीव वाचवला पाहिजे. कोणाचाही देह असा का, हे समजून घ्यायचे तर त्याच्या ताटात काय पडते ते आधी पाहावे.