यकृताच्या गाठीसाठी एमआरआय: मागायचा तर नीट केलेला मागा

1. सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली की घरचे विचारतात, बायोप्सी कधी? सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला बहुतेकदा तिची गरजच पडत नाही. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं. कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून एमआरआय करताना गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर ती आधी उजळते आणि मग भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट होते. किमान एक सेंटिमीटरच्या गाठीत हा क्रम स्पष्ट दिसला, तर त्यावरच निदान पक्कं धरतात. सुई टोचल्याने होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका टळतो.

2. सगळी मदार वेळेवर आहे. इंजेक्शनशिवाय काढलेल्या एमआरआयवर हे निदान पक्कं होत नाही. गाठ उजळण्याचा, म्हणजे धमनीचा, टप्पा काही सेकंदांचा असतो आणि तेवढा वेळ श्वास रोखावा लागतो. पोटात पाणी साठलेल्या, थकलेल्या माणसाला ते फार जड जातं. तंत्रज्ञाने आत नेण्याआधी रुग्णाच्या भाषेत समजावून त्याच्याकडून दोन-तीनदा सराव करून घ्यायला हवा. त्याला नवं यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात. दिवसभरात किती स्कॅन झाले एवढंच मोजणाऱ्या विभागात हीच पाच मिनिटं आधी कापली जातात, हे थांबलं पाहिजे.

3. रिपोर्टवर गाठीचं माप आणि लाय-रॅड्स श्रेणी सक्तीची करा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची ही पद्धत 2011 पासून आहे. एलआर-5 म्हणजे यकृताचा कर्करोग, शंका नाही. मोघम रिपोर्टमुळे गरिबाला दुसरा स्कॅन करावा लागतो.

4. सरसकट सगळ्यांचा एमआरआय मी मागत नाही. दक्षिण कोरियात जास्त धोका असलेल्या सिरोसिसच्या 407 रुग्णांच्या अभ्यासात (2017) एमआरआयने 86 टक्के कर्करोग पकडले, सोनोग्राफीने जेमतेम 28. फरक मोठा आहे, खर्चही मोठा आहे. आपल्याकडे आधी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (अल्फा-फीटोप्रोटीन) रक्ततपासणी तरी चुकू नये. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हिपॅटायटिस बी आणि सी वर मोफत उपचार मिळतात. त्या रुग्णांच्या नोंदी हाताशी आहेत, त्यांतल्या धोका असलेल्यांना बोलावणं पाठवा.

5. संशय आल्यापासून दोन आठवड्यांत कॉन्ट्रास्टसह एमआरआय मोफत मिळेल, अशी हमी राज्याने द्यावी. गाठ एकच आणि 5 सेंटिमीटरपर्यंत असेल, तर यकृतरोपणाचा विचार होऊ शकतो. ताटकळण्यात ती मर्यादा ओलांडली जाते. पेसमेकरमुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे एमआरआय जमत नसेल, तर पुढचा मार्ग त्याच दिवशी तज्ज्ञांनी ठरवावा.