ते ‘एक्स्पॅट’, तुम्ही ‘शिफ्ट’ झालेले, आणि आम्ही कोण?

मोरजीत घर भाड्याने घेणारा युरोपातून आला असेल तर तो ‘एक्स्पॅट’. दिल्ली-मुंबई-पुण्याचा असेल तर तो गोव्यात ‘शिफ्ट’ झालेला. झारखंडहून येऊन त्याच घराच्या टाइल्स बसवणारा मात्र ‘भायलो’. आणि गोव्यातला पोरगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गोदामात पेट्या उचलायला गेला की तिथे तो ‘इमिग्रंट’.

चौघांनी केलं एकच. आपलं गाव सोडलं, दुसऱ्याच्या गावात राहायला गेले. मग चार शब्द कशाला? ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याला शब्द गोड.

ही पोस्ट खास मराठी मित्रांसाठी आहे. मी पेडण्यातला, मराठी शाळेत शिकलेला, दशावतार बघत वाढलेला. तुमच्या ‘कॉर्पोरेट सोडलं, समुद्रकिनारी आयुष्य सुरू केलं’ या पोस्टी वाचतो. फोटो छान असतात. पण त्या फोटोतल्या घरात आधी कोण राहत होतं, हे कोणीच लिहीत नाही.

सांगतो. आमच्या किनारपट्टीवर आता दोन प्रकारची भाडी आहेत. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा गावातल्या माणसाला खोली मिळते. ऑक्टोबर लागला की घरमालक येतो, ‘सीझन आला, खाली कर’. बदली होऊन आलेल्या शिक्षिकेला गावात बारा महिन्यांची खोली मिळेना, ती रोज म्हापशाहून बसने येते. शॅकवर काम करणारा पोरगा शॅकच्या मागेच झोपतो. नवं लग्न झालेलं जोडपं आईबापांच्या पडवीत पत्रे ठोकून राहतं. एका घराचं भाडं डॉलरमध्ये किंवा बंगळुरूच्या पगारात ठरलं की शेजारच्या चार घरमालकांना आपोआप अक्कल येते. यात कोणी दुष्ट असावं लागत नाही.

आता तुमचं ठरलेलं उत्तर: ‘जमिनी तुम्हीच विकल्या ना?’

‘तुम्ही’ म्हणजे नक्की कोण? जमीन भाटकाराची. तो बहुतेक वेळा मुंबईत नाहीतर लिस्बनला. त्या जमिनीवर घर बांधून तीन पिढ्या राहिलेला मुंडकार वेगळा. त्याला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, आणि आजही मामलतदार कचेरीत त्याच्यासारख्यांना तारखांवर तारखा मिळतात. सौदा भाटकार आणि दिल्लीचा बिल्डर करतो. मुंडकाराला कळतं ते कुंपण पडल्यावर. विकणारे गोंयकार आहेतच, दलाली खाणारेही आहेत, आणि आमचे पंच काय करतात ते आम्हाला माहीत आहे. त्यांना आम्ही शिव्या घालतोच, म्हणून तुमचा हिशोब संपत नाही.

खरा खेळ कायद्यात आहे. टुरिस्ट व्हिसावरच्या परदेशी माणसाला फेमाप्रमाणे इथे जमीन विकत घेताच येत नाही. म्हणजे ‘रशियनांनी गोवा विकत घेतला’ ही ओरड अर्धी गंमत आहे. आमचं पोट दुखायला हवं ते वेगळ्या ठिकाणी. २०२३ मध्ये गोवा सरकारने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. टाळ्या. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घुसवलं. प्रादेशिक आराखड्यात ‘चूक’ झालीय असं म्हणून मालकाने अर्ज करायचा, की एकेका तुकड्याचा झोन बदलणार. एका हाताने शेत वाचवायचं, दुसऱ्या हाताने त्याला वसाहत म्हणायचं! मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द ठरवले. पण तोवर २०२४ चं ३९(ए) हे कलम हजर होतंच.

आणि हे झोन बदलतात कोणासाठी? मुंडकाराच्या पोराला स्विमिंग पूल नको असतो. ‘सी-व्ह्यू व्हिला’ची जाहिरात पुण्याच्या पेपरात येते, पेडण्याच्या नाक्यावर लागत नाही.

महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर शेतजमीन घेता येत नाही. ते तुम्हाला योग्य वाटतं. मुंबईत मराठी माणसाला सोसायटीत घर नाकारलं की तुम्ही पेटून उठता, मीही उठतो. मग तुमच्या गेटेड व्हिलाच्या फाटकावर गावातल्याला ‘कुठे चाललास?’ असं वॉचमन विचारतो, तेव्हा तुमचा मराठी बाणा कुठे जातो? शिगम्याच्या ढोलांची तक्रार पंचायतीत देणारे परदेशी नव्हते हो. अर्ज शुद्ध मराठीत होता.

येऊ नका असं मी म्हणत नाही. घटनेच्या १९व्या कलमाने देशात कुठेही राहायचा हक्क दिलाय, तो तुमचा तसा टाइल्सवाल्याचा. (त्याला शिव्या घालणाऱ्या आमच्या लोकांनीही हे वाचावं.) पण राहायला आलात तर राहा. भाडेकरार नोंदवा, रोखीत ‘ऑफ द रेकॉर्ड’ देऊन भाव फोडू नका. आठ महिने कुलूप घालायचं घर घेऊ नका. सेप्टिक टँकचा पाइप ओहोळात सोडला असेल तर बिल्डरला धरा, त्याच ओहोळाच्या खाली आमची विहीर आहे. आणि मतदार यादीत नाव इकडे आणा, म्हणजे ग्रामसभेत बसता येईल. तुमच्यात वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, इंग्रजीत हरकती लिहिणारे आहेत. आमच्या हरकती व्याकरणावर हरतात.

आमची ग्रामसभा रविवारी असते. मागच्या वेळी डोंगर कापायच्या विषयावर सभागृह भरलं होतं. तो डोंगर ज्यांच्या बाल्कनीतून दिसतो, त्यातला एकही आला नव्हता.