भाकरी-उसळ व्हिगनच आहे, पण बी-12 चे काय?

'व्हिगन' हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला. मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधही नाही, असा हा आहार. तो शब्द आपल्याकडे येताना सोबत बदामाचे दूध, टोफू आणि महागडी पाकिटेही घेऊन आला. त्यामुळे हे पैसेवाल्यांचे खूळ आहे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. आपल्या रोजच्या कितीतरी पदार्थांत दूध-तूप मुळातच नसते. पिठले, मटकीची उसळ, भरली वांगी, मेथीची भाजी, ठेचा आणि ज्वारी-बाजरीची भाकरी यांना व्हिगन करण्यासाठी काहीही करावे लागत नाही. नाशिकच्या मिसळीतूनही वरचे दही आणि पावाचे लोणी तेवढे वगळायचे. भगर आणि दाण्याच्या आमटीला तुपाऐवजी शेंगदाणा तेलाची फोडणी चालते.

रोज वेगळे काय करायचे, हा प्रश्नही फार मोठा नाही. मूग, मटकी, चवळी आलटून पालटून भिजवून मोड आणावेत. पहिल्या दिवशी त्यांची रस्सा-उसळ, दुसऱ्या दिवशी उरलेली आटवून पोळीत गुंडाळावी, तिसऱ्या दिवशी कच्च्या मोडांना वाफ देऊन कांदा-लिंबू घालावे. कढीची जागा आमसुलाचे सार घेते. दाटपणा हवा तिथे दाण्याचा कूट किंवा भाजलेले तीळ वाटून घालावेत. खरी अडचण स्वयंपाकात नसतेच, ती सकाळच्या चहात असते! गवती चहा घातलेला कोरा चहा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

दूध सोडल्यावर पहिली काळजी कॅल्शियमची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आपल्याच तालुक्यांत पिकणाऱ्या नागलीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण 120. ते सगळेच अंगी लागते असे नाही, पण नागलीची भाकरी, तीळ आणि खुरासणीची चटणी जेवणात नेहमी असली तर बराच भार हलका होतो. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये.

बी-12 जीवनसत्त्वाला मात्र स्वयंपाकघरात उत्तर नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला प्राणिज पदार्थांतून मिळते. मोड आलेली कडधान्ये, आंबवलेली इडली, अळिंबी यांतून ते पुरेसे मिळते हा समज चुकीचा आहे. शाकाहारी माणसाला थोडेफार मिळते ते दूध-दह्यातूनच, आणि व्हिगन होणारा नेमके तेच सोडतो. त्यातून आपण सुरुवातच तुटीतून करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतील गर्भवतींचा 1993 पासून अभ्यास केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश महिलांत बी-12 कमी आढळले, आणि या महिला व्हिगन नव्हत्या. बी-12 कमी पण फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक दिसले, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष सांगतात.

फोलेटचा मुद्दा व्हिगन मंडळींनी विशेष लक्षात घ्यावा. पालेभाज्या आणि कडधान्यांतून ते भरपूर मिळते. फोलेट मुबलक असले की हिमोग्लोबिन ठीक दिसू शकते आणि त्याआड बी-12 ची कमतरता नसांना इजा करत राहते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे वयाच्या खात्यात टाकली जातात. शिवाय यकृतातला साठा हळूहळू संपत असल्याने दूध सोडल्यावर पहिले अनेक महिने सगळे उत्तम वाटते. 'मला काही झाले नाही' हा अनुभव म्हणूनच पुरावा ठरत नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-12 लागते. त्याची गोळी महाग नाही. ती जिवाणूंच्या साहाय्याने बनते, त्यामुळे तत्त्वालाही धक्का लागत नाही. मात्र कॅप्सूलचे आवरण बऱ्याचदा प्राणिज जिलेटिनचे असते, ते पाहून घ्यावे. 'आहार नैसर्गिक असेल तर गोळी कशाला' हा आग्रह मला धोक्याचा वाटतो. दूध सोडण्यापूर्वीच रक्तातील बी-12 तपासून घ्यावे आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी ही तपासणी गर्भधारणेच्या आधीच करावी. निव्वळ हिमोग्लोबिनच्या अहवालावर थांबू नये.