फुकटचा भाव

संघाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्याव्यात, असे चिटणीसांनी दोन वेळा सांगून पाठविले. मी पडलो धान्याचा ठोक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. चाळीस वर्षे बेळगावच्या रविवार पेठेत पोती मोजण्यापलीकडे मजकडून विशेष काही घडलेले नाही. तेव्हा लेखकपणाचा आव न आणता, गेल्या तीन-चार वर्षांत उपयोगी पडलेली काही संकेतस्थळे व त्यांवरून बनलेले माझे एक मत बंधुभगिनींपुढे ठेवतो. (‘स्थळ’ म्हटले की आमच्या घरात अजून लग्नाचेच मनात येते, येथे तो अर्थ नाही.) ही स्थळे फारशी कोणास ठाऊक नसतात, आणि ती पाहण्यास एक पैसाही पडत नाही.

‘फुकट ते पौष्टिक’ असे लोक थट्टेने म्हणतात. परंतु व्यापाऱ्यास फुकट या शब्दाचा मुळातच संशय. जो माल फुकट मिळतो, त्याची रक्कम कोठेतरी दुसऱ्या खात्यावर नावे पडलेली असते. घरातील मुले रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ज्या चित्रफिती पाहतात, त्याही फुकटच. पण तेथे पैशाऐवजी वेळ घेतला जातो, आणि कोण काय पाहतो याची नोंदही ठेविली जाते. म्हणून असे कोणतेही स्थळ दिसले की मी प्रथम एकच विचारतो : याचा खर्च कोण करतो?

हाच प्रश्न मी नातवास विचारला, तेव्हा तो ‘फ्री राइस’ नावाचा खेळ खेळत होता. एक इंग्रजी शब्द व त्याचे चार अर्थ समोर येतात. बरोबर अर्थ निवडला की भुकेल्यांसाठी तांदळाचे दाणे जमा होतात. जॉन ब्रीन या अमेरिकन गृहस्थाने 2007 च्या ऑक्टोबरात हे स्थळ सुरू केले. मुलाची शब्दांची तयारी करून घेणे, हे त्याचे मूळ निमित्त. प्रारंभी एका बरोबर उत्तरास दहा दाणे, असा हिशेब होता. खर्च जाहिरातदार व पुरस्कर्ते देतात. पुढे 2009 मध्ये त्याने हे स्थळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या स्वाधीन केले. दाण्यांची गोष्ट निघाली आणि मजसारख्यास चैन कसे पडणार? आमच्या पेढीवरील तांदळाचे हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर घातले. भरले अठरा ग्रॅम. म्हणजे किलोला साडेपंचावन्न हजार दाणे, व दहाच्या हिशेबाने साडेपाच हजारांवर उत्तरे! पहिल्या दिवशी त्या गृहस्थाकडे एकंदर 830 दाणे जमले होते. आमच्या काट्याने ते पंधरा ग्रॅमही भरत नाहीत. नातू हिरमुसला. मी मात्र त्या दिवसापासून या स्थळांकडे आदराने पाहू लागलो. कारण पंधरा ग्रॅमांवर दुकान बंद न करणारा मनुष्य मला व्यापारी वाटला.

दुसरे स्थळ शिकागो विद्यापीठाचे. दक्षिण आशियातील भाषांचे जुने कोश त्यांनी तेथे खुले ठेविले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, जो 1831 मध्ये प्रथम निघाला व ज्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती 1857 मध्ये आली, तो तेथे शब्द टाकून पाहता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. आजोबांच्या दप्तरात मोडी लिपीतील काही कागद निघाले. एका जाणत्या गृहस्थाने ते वाचून दिले, त्यांत ‘परपैठ’ हा शब्द आला. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत ती पैठ, आणि तीही हरवली तर तिसरी ती परपैठ, हे मी लहानपणी ऐकले होते. पण घरात कोणास खरे वाटेना. कोशाने माझी बाजू राखली. आपल्या पेढ्यांची भाषा सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाने जपावी, आणि आपण जुनी दप्तरे रद्दीत घालावीत, याचा विषाद वाटल्यावाचून राहिला नाही.

‘इंटरनेट आर्काइव्ह’चा उल्लेख थोडक्यात करतो. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये ही संस्था स्थापिली, व ती मुख्यतः देणग्या आणि अनुदानांवर चालते. जुनी पुस्तके तेथे अगणित आहेत; परंतु विशेष म्हणजे, संकेतस्थळे पूर्वी कशी होती, याच्या प्रतीही तेथे तारीखवार सापडतात. धान्य स्वच्छ करण्याचे एक यंत्र मी घेतले होते. विक्रेत्याच्या स्थळावर तेव्हा दोन वर्षांची हमी लिहिलेली. यंत्र बिघडले तेव्हा तेथे एकच वर्ष! नातवाने जुन्या तारखेचे पान काढून दाखविले, आणि दुरुस्ती विनामूल्य झाली. प्रत्येक पान तेथे सापडेलच असे नाही. पण सापडले तर ते रोजकीर्दीसारखे आहे. ‘रेडिओ गार्डन’ तर निव्वळ मौजेचे : पृथ्वीचा गोल बोटाने फिरवावा, हिरव्या ठिपक्यावर थांबावे, की त्या गावची नभोवाणी ऐकू येते. आमच्या सौभाग्यवती दुपारी कोठल्या कोठल्या बेटांवरची गाणी ऐकतात. भाषा कळत नाही, म्हणून भांडणही होत नाही.

आता ज्यासाठी लेखणी उचलली, ते सांगतो.

केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने 2000 साली ‘ॲगमार्कनेट’ हे स्थळ सुरू केले. देशभरच्या बाजारांतील आवक व किमान, कमाल आणि बहुतांश माल ज्या दराने गेला तो भाव, अशी माहिती तेथे क्विंटलच्या हिशेबाने रोज दिली जाते. आपल्यापैकी किती जण ते पाहतात, कोण जाणे. शेतकरी मात्र पाहू लागले आहेत. 2023 च्या फाल्गुनात एक तरुण शेतकरी हरभरा घेऊन आला. मी भाव सांगितला. त्याने खिशातून दूरध्वनी काढून गदगचा भाव पुढे केला. क्विंटलमागे दीडशे रुपयांचा फरक होता. मला राग आला, हे लपवीत नाही. चार माणसांदेखत आपली लबाडी पकडली गेली, असे वाटले. आणि राग त्याचाच होता.

आमचे वडील परगावच्या भावासाठी तारेची वाट पाहत. तारवाल्यास दिवाळीला वेगळी पेटी जाई. ज्याच्या हाती तार आधी पडे, त्याची त्या दिवशीची कमाई पक्की. यास आम्ही धंद्यातील अक्कल म्हणत आलो. वस्तुतः तिच्यातील बराच हिस्सा समोरच्या माणसाच्या अज्ञानाचा होता. तारा 2013 मध्ये बंद झाल्या, पण ती सवय गेली नाही.

संघाच्या सभेत मी सुचविले की, या स्थळावरील भाव आपण स्वतःच प्रत्येक पेढीवर फळ्यावर लिहावेत, मराठीत व कानडीतही. तेव्हा एक ज्येष्ठ बंधू म्हणाले की, हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. मला तसे वाटत नाही. त्या स्थळावर हरभऱ्यातील ओल दिसत नाही, कचरा दिसत नाही, गदगहून बेळगावपर्यंतचे गाडीभाडे व हमाली दिसत नाही. कित्येकदा उत्तम व हलका माल एकाच नावाखाली येतो. एखाद्या बाजाराची नोंद दोन-दोन दिवस येतच नाही. हे सर्व शेतकऱ्यास उघडपणे समजावून सांगणे, माल पारखणे, वेळेवर रोख देणे, हा आपला खरा धंदा. तो कोणतेही स्थळ हिरावून घेणार नाही. उलट भाव आधीच फळ्यावर असला की घासाघीस कमी होते, आणि ओल किती यावरच बोलणे होते. त्या तरुणाशी मी अखेर तसेच बोललो. भाडे व ओल वजा जाता फरक साठ रुपयांवर आला, आणि ते साठ मी दिले.

ठराव त्या सभेत पास झाला नाही. यंदा पुन्हा मांडणार आहे. सभासदांनी तोपर्यंत ते स्थळ एकदा स्वतः पाहावे, एवढीच विनंती. माझ्या पेढीवर मात्र पाडव्यापासून फळा लागला आहे. नातू शाळेला जाण्यापूर्वी भाव लिहितो. परवा तोच शेतकरी आला, गाडीवरून न उतरताच फळा वाचला, आणि म्हणाला, “काका, तारीख कालची आहे.” मी खडू घेऊन उठलो.