जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स टाकून बघा



विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पुढे काय, असं दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, आता नवीनच घ्या." कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप यात बसत नाही. मशीन चालू, मॉनिटर ठणठणीत, कीबोर्डची सगळी बटणं जागेवर, तरी तो बाद!

मला हे पटत नाही. पगारातून हप्ते पाडून नवीन घेण्याआधी त्याच डेस्कटॉपवर लिनक्स टाकून बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरी आता तेच चालू आहे.

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. तसं काही नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये युनिक्सच्या धर्तीवर ही प्रणाली लिहायला सुरुवात केली. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे तुम्ही ती रोज वापरताच. डेस्कटॉपसाठी तिचे बरेच प्रकार आहेत. नवख्याने लिनक्स मिंट घ्यावं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. चार जीबी रॅमवर ते नीट चालतं आणि पैसे लागत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. हार्ड डिस्कला हात न लावता आवाज येतो का, वायफाय लागतं का, हे तपासायचं. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, जुनं विंडोज जसंच्या तसं.

आता अडचणी. यू-डायस किंवा सरलचं काम ब्राउझरमध्ये असतं, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. खरी अडचण आपल्या मराठीची आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शाळेची पत्रं, हस्तलिखितांचे मजकूर आपण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. त्या फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की 'शाळा' या शब्दाच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. लिनक्सवर तो फॉन्ट टाकला की जुनी फाइल बहुतेक वेळा वाचता येते, छापताही येते. पण विंडोजसाठी बनवलेलं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर तिथे सरळ चालत नाही.

मग टाइप कसं करायचं? युनिकोड आणि इनस्क्रिप्ट. भारत सरकारने प्रमाण केलेला हा कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त मराठी निवडायची. आपण शिक्षक मंडळी तर यावर खूश व्हायला हवं, कारण त्याची मांडणी आपल्या वर्णमालेसारखीच आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क'चं बटण शिफ्टसकट दाबलं की 'ख'. 'ग'चं दाबलं की 'घ', 'त'चं की 'थ', 'प'चं की 'फ'. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टने! काना साधा दाबायचा, शिफ्टने 'आ'. पहिली वेलांटी साधी, शिफ्टने 'इ'. माझ्या तिसरीच्या मुलांना फळ्यावर कीबोर्ड काढून दाखवला तेव्हा पुढची जोडी त्यांनीच ओळखायला सुरुवात केली. ज्यांची बोटं टाइपरायटरवर बसलीत त्यांना पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल, हे मात्र खरं. पण या पद्धतीने लिहिलेली प्रश्नपत्रिका मोबाइलवरही उघडते, शोधता येते, आणि फॉन्ट पाठवा म्हणून कुणाचा फोन येत नाही.

दुसरी अडचण निकालपत्रकाची. आपल्याच शिक्षक बांधवांनी मेहनतीने बनवलेल्या एक्सेल फाइल आपण वापरतो. त्यातली साधी सूत्रं लिबरऑफिसमध्ये चालतात. मॅक्रोवर चालणारी बटणं बरेचदा चालत नाहीत. तुमचं निकालाचं सगळं काम अशाच फाइलवर असेल तर विंडोज पुसू नका. मिंट त्याच्या शेजारीच टाकता येतं, चालू करताना दोनपैकी एक निवडायचं. इंटरनेटसाठी मिंट, निकालापुरतं विंडोज. घरी कुणी टॅलीवर हिशेब करत असेल तरी हाच मार्ग. प्रिंटरचंही आधीच तपासा. बरेचसे प्रिंटर लावल्या लावल्या चालतात, पण काही जुने लेझर प्रिंटर फार त्रास देतात.

काही पालक म्हणतात, मुलांना बाहेर विंडोजच लागणार, मग हे कशाला? उलट आहे. 'स्टार्ट बटणावर क्लिक करा' एवढंच पाठ केलेलं मूल बटणाची जागा बदलली की अडतं. दोन प्रणाली हाताळलेलं मूल मेनू शोधतं. फाइल, फोल्डर, सेव्ह या कल्पना एका कंपनीच्या नाहीत. केरळच्या शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत. तिथली 'काईट' ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांसाठी तयार करते. ती मुलं कुठे मागे पडली? आणि लहानांसाठी चित्र काढायला टक्स पेंट, खेळत शिकायला जीकॉम्प्री आहे, दोन्ही मोफत.

मुहूर्त मात्र नीट निवडा. मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नको. १ मेचा निकाल लागून गेल्यावर किंवा दिवाळीच्या सुट्टीत, हाताशी दोन मोकळे दिवस ठेवून करा. त्याआधी सगळ्या फाइल आणि ते जुने फॉन्टसुद्धा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. मिंट भरताना त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो असलेला घेऊ नका.